अंगातला शर्ट

ठेव. खाली ठेव ते बोचकं — तिथे नको, तिथे बशा मांडल्यात, दिसत नाहीत? पायरीवर ठेव. हळू! मेलेलीला लागत नाही हे मलाही कळतं, तरी हळू. आणि कुदळ पाहिजे म्हणालास ना, कुदळ आहे माझ्याकडे, मागे पेरूच्या झाडाखाली जागाही आहे, पण आधी मला हे सांग — माझ्या तेलोनला तू कशात गुंडाळून आणलंयस? रेनकोट आहे हा. स्कूटरच्या सीटखाली कोंबलेला फाटका रेनकोट, पेट्रोलचा वास मारतोय. आणि शर्ट कुठाय? शर्ट अंगातच आहे! वा साहेब, वा! कडक इस्त्रीची खाकी, छातीवर नावाची पट्टी, दंडावर बिल्ला — इथे जाव्यात, या जुवाना गावातच जन्मलास ना तू, का आभाळातून पडलास? गाडीखाली मांजर आलं तर अंगातला शर्ट काढायचा, त्यात ते गुंडाळायचं आणि आपल्या हातानं पुरायचं, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल तुला. रेनकोटात गुंडाळतात ती बाजारातली मासळी.

काय? ऑफिस? हो, माहितीये, सोमवार आहे, झेंड्यापुढे रांगेत उभं राहायचंय, हजेरी आहे. मग? तिचीही न्याहारीची वेळ होती. तिची हजेरी कोण घेणार आता? — नको, हात नको जोडूस. तू दार वाजवलंस, पळून गेला नाहीस, हे मी बघितलंय, आंधळी नाहीये मी. बाकीचे उडवतात आणि आरशातसुद्धा बघत नाहीत. तू थांबलास. पण थांबलास म्हणून मी तुझी आरती ओवाळू का? थांबणं हे अर्धं काम झालं, साहेब. अर्धं काम करून निघून जायची सवय सरकारी ऑफिसात ठीक आहे, माझ्या दारात चालायची नाही. बस तिकडे. बाकावर बस, म्हटलं ना! उभा राहून माझ्या डोक्यावर सावली पाडू नकोस, मला काटे दिसत नाहीत.

हो, काटे. या तिघांचं पोट तेलोनबरोबर मेलेलं नाहीये. बघ कशी फेऱ्या घालतायत. तो जाडा बोका दिसला? तो लुराह. सरपंचच तो — काम काडीचं नाही, पंगतीत पहिला. तुमच्यातलाच. ती बिनशेपटीची बुंतुंग, आणि चुलीमागून डोळे वटारतेय ती अजून बिननावाची आहे, महिना झाला येऊन, नाव द्यायला मी घाई करत नाही — नाव दिलं की ती आपली होते, आणि आपली झाली की — जाऊ दे. या बांबूच्या टोपलीतली उकडलेली मासळी, मिठात उकडतात ती, तुझ्या घरीही येत असेल. लोक काय करतात? टोपली उघडली, मासळी टाकली मांजरापुढे, झालं पुण्य. आणि पंधरा दिवसांनी मांजराची लघवी अडते, ते कोपऱ्यात बसून कण्हतं, आणि हे विचारतात, असं कसं झालं हो? अरे, मिठानं झालं! दोनदा गरम पाण्यातून काढावी लागते ही मासळी. मग कणा काढायचा, मग बारीक काटे, असे, अंगठ्यानं चाचपून, आणि मग भातात कालवायची, आणि भात कोमट पाहिजे. गार भात दिला तर बुंतुंग हुंगून निघून जाते, जमीनदाराची लेक. गरम दिला तर लुराह जीभ भाजून घेतो, दर वेळी, अकराव्या वर्षीही अक्कल नाही. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी विष घातलेला उंदीर खाऊन आला होता हा. तोंडाला फेस. शहाळ्याचं पाणी चमच्या-चमच्यानं घशात सोडत बसले मी, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत, माझी बोटं ओरबाडून काढली यानं. हे बघ व्रण. म्हटलं, मर मेल्या, मला काय त्याचं. मेला नाही.

आणि ही तुझ्या रेनकोटातली — हिला एकच दात उरला होता. हिचं मी वेगळं करायचे, अगदी लगदा, आणि तोही बशीत नाही, तळहातावर. तळहातावरच खायची. बशी पुढे ठेवली की बशीकडे बघायची आणि मग माझ्याकडे, जशी काही मी तिची थट्टा केली. सतरा वर्षांची होती. तीन रंगांची म्हणून तेलोन, आणि तीन रंगांची मांजरं घराला लाभतात म्हणतात. घराला काय लाभलं ते मला विचारू नकोस.

घड्याळाकडे बघू नकोस! — काय म्हणालास? परत म्हण. शर्टानं काय फरक पडतो, मेलेल्या मांजराला काय कळतंय? असंच म्हणालास ना? अगदी असंच, शब्दाला शब्द, मीही हेच म्हणा—

काही नाही. ऑफिसात शिकवतात का हे तुम्हाला? शिकला-सवरलेला माणूस, पट्टीवर नाव काय — प्रियांबोदो — एवढं लांबलचक नाव आणि अक्कल एवढीशी. मांजराला कळत नाही, हे मला ठाऊक आहे. शर्ट मांजरासाठी नसतोच. तो उडवणाऱ्यासाठी असतो. आपलं काहीतरी जावं लागतं, अंगावरचं, घामाचा वास असलेलं, उद्या कपाट उघडल्यावर आठवेल असं. सीटखालच्या चिंधीनं काय जातं तुझं? संध्याकाळी तू विसरशील. शर्ट गेला की विसरत नाही माणूस, बायको विचारते, शर्ट कुठाय, सांगावं लागतं. बायको आहे ना? तीच भांडेल म्हणून भितोयस? — हं. हसलास. बायकाच असतात या सगळ्याच्या मुळाशी, बरोबर ना?

बरोबरच आहे म्हणा.

लुराह, हो मागे! तिच्या वाटणीचं आहे ते. तिच्या — अरे, खा. खा मेल्या, कोण खाणारे आता ते.

माझा नवरा, कास्दी, मासळीचा ट्रक चालवायचा. जुवानाहून सुराबाया, बर्फाच्या पेट्या घेऊन. ईदच्या आदल्या दिवशी पहाटे घरी आला तेव्हा हातात मांजर. रस्त्यात त्याच्या चाकाखाली आलेलं, केवढंसं, पिवळं. इथेच उभा होता तो, तू उभा होतास तिथेच, आणि अंगात नवा सदरा. मी शिवलेला! शिलाईचं काम करायचे मी तेव्हा, लोकांचे कपडे रोज शिवायचे आणि स्वतःच्या नवऱ्यासाठी जन्मात एक सदरा शिवला होता, निळा, रोजे धरून, डोळे फोडून — आणि हा बाबा ईदची वाट न बघता तो घालून ट्रकवर गेलेला. सांगतो काय, मित्रांना दाखवायचा होता. आणि आता उभा राहून बटणं सोडायला लागला. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? नवा कोरा सदरा मातीत घालणार? मांजराला काय कळतंय, मेलंय ते. आणि मी आत गेले आणि पिठाची गोणी आणली. रिकामी गोणी. म्हटलं, यात गुंडाळ. तो नाही म्हणाला. मी आवाज चढवला — माझा आवाज कसा आहे ते तू ऐकतोयसच. गुंडाळलं त्यानं. पुरलं. ईद झाली. तो सदरा त्यानं परत अंगाला लावला नाही. मी म्हणायचे, घाल ना रे, तो म्हणायचा, घालीन. भांडला नाही, चिडला नाही. घालीन म्हणायचा आणि जुनाच शर्ट घालून जायचा.

पावणेदोन महिन्यांनी लासेमच्या वळणावर ट्रक उलटला. ब्रेक निकामी झाले म्हणाले. झालेच असतील, मी कुठे काय म्हणतेय? जुना ट्रक, उताराचा रस्ता, ब्रेक निकामी होतात. मौलवीसाहेब म्हणाले, मांजर शर्टात पुरलं नाही की उडवणाऱ्यावर अपघात येतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं पाप आहे, मरण अल्लाच्या हातात असतं. मी म्हटलं, हो मौलवीसाहेब. माझा विश्वास नाहीच. माझा विश्वास असता तर मी सतरा वर्षं रोज सकाळी उठून गल्लीतल्या मांजरांचे काटे काढत बसले असते का? — असा बघू नकोस माझ्याकडे. तोंड मिट. माशी जाईल.

त्याचं चाळिसाव्या दिवसाचं झालं आणि तिसऱ्या दिवशी हे तीन रंगांचं पिल्लू दारात. ओलं, पोट पाठीला लागलेलं. मी झाडू घेऊन हाकललं. गेली नाही. मग तळहातावर भात दिला, कारण भांडी घासायची पडली होती. बास, तेव्हापासून.

आणि आता तू म्हणशील, म्हातारे, मग सांभाळायची होतीस ना, रस्त्यावर कशाला सोडलीस. म्हण की! मी असते तर म्हटलं असतं. रस्त्यापलीकडे ते हिरवं गेट दिसतंय? तिथली हाज्जाबाई, हजला जाऊन आलेली, पाकिटातले दाणे घालते मांजरांना. खडखडीत दाणे, माशाच्या आकाराचे, त्यात मासा नावालाही नाही. आणि ही एका दाताची म्हातारी महिनाभर रोज सकाळी तिकडे जायला लागली होती. चावता येत नव्हतं तरी चाटायची. मी इथे सतरा वर्षं अंगठे झिजवतेय आणि ही तिच्या दारात जाऊन दाणे चाटणार? आज सकाळी बघितलं मी तिला, त्या गेटपाशी बसलेली, आणि माझं डोकं फिरलं. लगदा तळहातावर तयार होता. मी इथून ओरडले. लाडानं नाही — शिवी देऊन ओरडले. ऐकू यायचं नाही तिला अलीकडे, भांडं पडलं तरी कान हलायचा नाही, पण माझा आवाज तिला ऐकू यायचा. उठली आणि धावली. तिला धावताना मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

तू सावकाशच येत होतास. बघितलं मी. हॉर्नही दिलास. तुझ्याकडे न बघता ती माझ्याकडे बघत आली.

झालं? कळलं सगळं? मोकळा झालास? मग आता माझा दोष आहे म्हणून शर्ट अंगात ठेवून निघणार असशील, तर नीट ऐक. मी हाक मारली तरी चाक तुझं होतं. कास्दीचंही चाकच होतं. शर्ट काढ. — सोड बटणं, मी खाणार नाहीये तुला. थांब, ती पट्टी आणि तो बिल्ला आधी काढ, ते सरकारचे आहेत, ते नको मातीत. दे इकडे. हं. बनियन भोकाचं आहे तुझं, बायकोला सांग शिवायला. आता गुंडाळ. डोकं झाकू नकोस अजून, मला एकदा — हं. झाक. बाह्यांची गाठ मार. मागे जा, पेरूच्या झाडाखाली डावीकडे खण, उजवीकडे सगळ्या जागा आधीच्या मांजरांनी भरल्यात. गुडघाभर खण, नाहीतर कुत्री उकरतात. आणि बिस्मिल्ला म्हणून मगच माती लोट.

संपलं? हात धुतलेस? कोपरापर्यंत धू. — आता असाच बनियनवर जाणारेस झेंड्याला? सगळं ऑफिस हसेल. थांब. थांब म्हटलं ना, आत काहीतरी असेल.

हे घे. डांबरगोळ्यांचा वास येतोय, येऊ दे, दुपारपर्यंत जाईल. खाकी नाहीये, निळा आहे, साहेबांना सांग काय सांगायचं ते. उघडा जाणार नाहीस, एवढं बघ. घाल. मी सांगतेय ना, घाल! उलट-सुलट बघत काय बसलायस, शिलाई चांगली आहे, तेव्हा माझ्या हातात कसब होतं. वरचं बटण लाव. तेही लाव. ती पट्टी लाव वर तुझ्या लांबलचक नावाची. — फिर जरा. पाठ दाखव.

बसतोय. खांद्यात बसतोय.

जा आता. परत आणून द्यायचा नाही, आणलास तर झाडू आहे दाराशी. माझ्या मांजरांसाठी दाणे-बिणे घेऊन यायचं नाही, सुतकी तोंड घेऊन माफी मागायला यायचं नाही. या गल्लीत तुझी स्कूटर दिसता कामा नये. निघ! गेट ओढून घे, ही बिननावाची बाहेर पळते.

आणि ऐक — ऑफिस राहू दे, हजेरी गेली चुलीत — आधी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जा. ब्रेक बघून घे.