सातव्या तुकड्याचं बी

मॅडम — मावशी, झारी खाली ठेवा आणि जरा माझ्याकडे बघा. मी काय विचारतेय?

मावशी — ऐकतेय की. हात रोपांपाशी आहेत, कान तुमच्यापाशीच.

मॅडम — उतारावर आपण नऊ तुकड्यांत रोपं लावली. तीन वर्षं झाली. आठ तुकड्यांत नुसते वाळके खुंट. एकट्या सातव्यात झाडं माझ्या कमरेला लागतात. का?

मावशी — जमीन चांगली असेल तिथली.

मॅडम — सगळ्यात वाईट जमीन तिथली. पहार मारली की ठिणगी उडते.

मावशी — मग दव पडत असेल.

दादा — दव काय सातव्यालाच ओळखतं? चिमणे, मॅडम रेंजर आहेत. त्यांना थापा मारू नकोस.

मावशी — पंचावन्नाची झाले मी, दादा. मॅडमसमोर तरी चिमणी म्हणू नकोस.

दादा — मोठ्या भावाला तू कायम चिमणीच. मॅडम, कारण मी सांगतो तुम्हाला. बी! खोऱ्यातली उंच, सरळसोट झाडं मी स्वतः निवडली, त्यांना पांढरे पट्टे मारले. तीस वर्षं वनरक्षक होतो, निवृत्तीनंतरही बियांची वही मीच ठेवतो. पट्ट्याबाहेरच्या झाडाची एक शेंग रोपवाटिकेच्या या शेडमध्ये आली नाही. वही काढून बघा.

मॅडम — काढली. नवाच्या नऊ तुकड्यांपुढे ‘खोरं’ लिहिलंय. म्हणजे जगलं तेही पट्ट्याचं, आणि मेलं तेही पट्ट्याचंच?

दादा — मेलं त्याची निगा कमी पडली.

मावशी — हो, आता निगा! दोन उन्हाळे घागरी वाहिल्या मी त्या उताराच्या खालच्या तुकड्यांत. डोक्यावरचे केस गेले, चुंबळ तेवढी राहिली.

मॅडम — भांडू नका. मला सोमवारची काळजी आहे. शेडबाहेरची ही खोऱ्याच्या बियांची तीस हजार रोपं सोमवारी त्याच उतारावर जायची आहेत. काल खालच्या वस्तीत गेले होते. शेतकरी म्हणाले, दोनदा खड्डे खणून दिले, दोनदा सरपण झालं. आता शेवटचं. ही मेली तर तुमचा उतार तुम्हाला लखलाभ.

दादा — असं म्हणाले?

मॅडम — का म्हणणार नाहीत? पूर्वी पाऊस चार महिने रिमझिमायचा, आता दहा दिवसांत धोधो ओतून पसार होतो. उतार उघडा, म्हणून माती थेट त्यांच्या शेतात. आणि दोन महिन्यांनी ओढ्यात गुरं बसतात, इतका कोरडा. त्यांना झाडं हवीत. मरणारी नकोत. म्हणून विचारतेय, सातव्यात वेगळं काय झालं? तिथं शंभरातली सत्तरेक तरी जगलीत—

मावशी — एकाहत्तर.

मॅडम — काय?

मावशी — काही नाही.

मॅडम — एकाहत्तर म्हणालात तुम्ही.

मावशी — गेल्या महिन्यात बहात्तर होती. कडेचं एक बकरीनं ओरबाडलं.

दादा — तुला गं काय माहीत? बाजारात जायचं तर गुडघा दुखतो म्हणून रिक्षा करतेस. सातव्या तुकड्यापर्यंत कधी चढलीस?

मावशी — दर महिन्याला चढते. हळूहळू. बसत बसत.

दादा — कशासाठी?

मावशी — मेली का बघायला.

मॅडम — मावशी, बसा. त्या खोक्यावर बसा. आणि सांगा.

मावशी — सांगते. पण दादा, मध्ये बोलायचं नाही.

दादा — मी कधी मध्ये बोलतो?

मावशी — हे बघा! मॅडम, त्या वर्षी गुडघा नारळाएवढा सुजला होता. बी गोळा करायचे दिवस, आणि एक पोतं कमी पडत होतं. खोऱ्यात उतरणं शक्य नव्हतं. उतरले असते तर वर यायला चौघे लागले असते. मग या शेडमागच्या टेकाडावर गेले. तिथं तीच झाडं आहेत, पण खुरटी, वाकडी. शेंगा हाताला येतात, आकडीची काठीसुद्धा लागत नाही. पोतं भरलं, आणि चिठ्ठीवर, वहीत लिहिलं, ‘खोरं’.

दादा — माझ्या वहीत?

मावशी — तुझ्याच वहीत. तुझ्याच पेनानं.

दादा — इतक्या वर्षांत त्या वहीत एक ओळ खोटी नाही, असं मी दहा साहेबांना छातीठोक सांगितलंय.

मावशी — माहीत आहे. म्हणून तर तीन वर्षं तुला सांगितलं नाही. उगवली तीसुद्धा बुटकी. पट्ट्याची रोपं गुडघ्याला लागली, तेव्हा ही वीतभर. मला शरम वाटली. म्हटलं, सातव्या तुकड्यात लावून टाकू. सगळ्यात वर, सगळा खडक. तिथवर कुठलाच साहेब चढायचा नाही. मरतील बिचारी गुपचूप, माझं पापही जाईल. पण मेलीच नाहीत मेली!

मॅडम — मावशी, तुम्ही हसवताय की रडवताय?

मावशी — रडले मीच. एक उपटून बघितलं होतं लावणीच्या दिवशी. वर वीतभर, आणि खाली हातभर मूळ. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. तेवीस वर्षं झाली. खोटी नोंद कळली की नारळ हातात.

मॅडम — मग आज का बोललात?

मावशी — ही तीस हजार मीच वाढवलीत ना. एकेक पिशवी हातानं भरलीय. सोमवारी त्यांना मरायला गाडीत चढवायचं, आणि कारण माझ्या पोटात!

दादा — एका तुकड्यानं काय सिद्ध होतं? वाकड्या झाडाचं बी वाकडंच निपजणार.

मॅडम — दादा, टेकाडावर वारा आहे, दगड आहे. झाड त्यानंही वाकतं. बियातून काय येतं ते अजून मला पुरतं माहीत नाही. पण ती झाडं किती पिढ्या थोडक्या पाण्यावर जगलीत. आधी मूळ, मग पान. एका तुकड्यानं सिद्ध होत नाही हे खरं. पण आठ तुकड्यांनी काहीतरी सांगितलंच आहे ना?

दादा — म्हणजे माझे पट्टे चुकले.

मावशी — नाही रे दादा. तू पट्टे मारलेस तेव्हा पाऊस चार महिने पडायचा. तेव्हा तेच बरोबर होतं. तुझी झाडं नाही चुकली, पाऊस बदलला.

(दादा वही उघडतो. बराच वेळ पानं उलटत राहतो.)

दादा — शेंगा तडकल्याच्या तारखा आहेत यात. पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानावर त्या तीन आठवडे आधी तडकल्यात. अक्षर माझंच.

मॅडम — मग?

दादा — लिहिलं सगळं. वाचलं कधी नाही.

मावशी — मॅडम, माझं काय ते सांगून टाका. टांगून ठेवू नका.

मॅडम — खोटी नोंद केलीत, त्याची लेखी समज मिळेल. त्यातून सुटका नाही. आणि नोंद तुमच्याच हातानं दुरुस्त करायची, खाली सही.

मावशी — आणि नेमणूक?

मॅडम — टेकाडावरचं बी कोण गोळा करणार मग? मी? मला तर काकडी आणि दुधीचं रोप ओळखता येत नाही, असं तुम्हीच म्हणता.

मावशी — ते कुणी सांगितलं तुम्हाला?

दादा — मी नाही.

मॅडम — सोमवारच्या गाड्या उतारावर जाणार नाहीत. ही रोपं ओढ्याकाठी लावू, आणि शेतकऱ्यांच्या बांधांवर. त्यांना ओल लागते, ओढा आटला तरी ओल तिथं जमिनीत टिकते. उतारासाठी टेकाडाचं बी आत्ता पेरायचं, सोबत थोडं खोऱ्याचंही, वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून. खऱ्या चिठ्ठ्या, मावशी!

मावशी — आता काय जन्मभर ऐकवणार?

मॅडम — पण वस्तीतल्या लोकांना काय सांगू? अजून एक वर्ष थांबा म्हटलं तर उठूनच जातील.

मावशी — सांगू नका काही. कागदही नको. त्यांना सातव्या तुकड्यात चढवा. मी नेते. मी बसत बसत जाईन, तेही दम खातील. वर पोचलं की मोजू दे त्यांनाच.

मॅडम — आणि शेंगा? टेकाडावरच्या कधी तडकतील?

मावशी — आठ दिवस. फार तर नऊ. त्यानंतर बी वाऱ्यावर.

मॅडम — मग उद्यापासूनच. दादा, तुमचं काय म्हणणं?

दादा — चिमणे, रंग किती उरलाय?

मावशी — कसला रंग?

दादा — पांढरा. कुठल्या झाडाचं बी घेतलं ते पुढच्या माणसाला कळायला नको? का तेही तुझ्या पोटातच ठेवणार आहेस?

मावशी — अर्धा डबा आहे. पण तू चढणार? सत्तरीला टेकलास.

दादा — टेकाड शेडमागंच आहे ना? तेवढं होईल. बसत बसत.

मावशी — बरं बाबा. सकाळी डबा काढून ठेवते. तुझा तो मोठा ब्रशही भिजवून ठेवते.

दादा — मोठा नको. लहान घे. त्यांची खोडं बारीक असतील.