झाकू की राहू दे?

नवरी : हात का थांबला हो, मेकअपताई? एकाच डोळ्याची नवरी करून पाठवणार की काय मला?

मेकअपताई : नाही गं. डोळे मीट. हनुवटी वर... हं, अशीच राहा. अगं, मघाशी हात धुवायला गेले ना, तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक फोटो दिसला. लग्नातला. कोणाचा गं तो?

नवरी : तो होय! आमची भुताची नवरी! माझी थोरली बहीण ती. हे घर तिचंच. इथून हॉल जवळ पडतो, म्हणून आज इथूनच निघायचंय. चेहरा बघितलात ना तिचा? पिठाच्या डब्यात तोंड घालून बाहेर काढल्यासारखा! गळा सावळा, हात सावळे, आणि मध्ये हे पांढरंफटक. शेजारी भावोजी छान हसतायत, त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही. नऊ वर्षं झाली, अजून पाहुणे आले की पहिला विषय तोच.

मेकअपताई : बाकीचे फोटो तरी बरे आलेत ना?

नवरी : छे! अख्खा अल्बम तसाच. एक फोटो धड असेल तर शप्पथ. अहो, अहो, स्पंज कुठे बुडवताय? तो माझा चहा आहे!

मेकअपताई : अगं बाई! चुकलं गं. थांब, दुसरा घेते. नाही, हे बघ, ऐक. माझा हात सकाळपासून जरा अवघडलाय. माझी एक मैत्रीण आहे, माझ्याहून छान करते, दोन गल्ल्या सोडून राहते. तिला फोन लावते. अर्ध्या तासात येईल ती. उरलेलं सगळं ती करेल, तू काही काळजी करू नकोस.

नवरी : काळजी करू नको? अकराला फोटोवाला दारात उभा राहणार, आणि तुम्ही आत्ता हात वर करताय? काल रात्री तर म्हणालात, बिनघोर झोप! ताईऽ! ए ताई! आधी इकडे ये!

(थोरली दारात येते. डाव्या डोळ्याखालून गालभर पसरलेली जांभळट जन्मखूण.)

थोरली : काय झालं केवढ्यांदा ओरडायला? गल्ली गोळा होईल.

नवरी : ह्या जाते म्हणतायत! माझा अर्धा चेहरा सोडून!

थोरली : जातेस? मागच्या वेळेस निदान पूर्ण करून गेली होतीस.

नवरी : मागच्या कुठल्या वेळेस?

मेकअपताई : ताई... तुम्ही ओळखलंत मला?

थोरली : ओळखायला काय, तू काय म्हातारी झालीस? आणि हिला तुझा नंबर कोणी दिला असं वाटतं तुला?

नवरी : तुझ्या ऑफिसातल्या बाईंनी ना?

थोरली : थाप मारली होती.

नवरी : एक मिनिट. एक मिनिट. ती भुताची नवरी ह्यांनी केली होती? आणि तू मला ह्यांच्याच हवाली केलंस? सख्खी बहीण आहेस ना गं माझी?

मेकअपताई : तिला बोलू नकोस. मीच केली होती. माझी पहिली नवरी. सहा महिन्यांचा क्लास केलेला, आणि सराव कोणावर? तर आईवर. तिला खिडकीत बसवायचं, एक गाल रंगवायचा, एक तसाच ठेवायचा. ती म्हणायची, अगं पुसू का आता, खाली दूधवाला आलाय. तेवढ्या जोरावर उतरले मी. ती पावडर तेव्हा नवी नवी निघाली होती. लावली की चेहरा रेशमासारखा, आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. पण तिच्यावर फ्लॅश पडला की ती सगळा उजेड उलटा फेकते. क्लासात कोणी सांगितलं नाही, आणि मी अतिशहाणी, घाम येऊ नये म्हणून तीन हात दिले! आईचा मी फ्लॅश मारून कधी फोटोच काढला नव्हता हो. मला काय माहीत?

नवरी : म्हणजे आरशात ताई चांगली दिसत होती?

थोरली : फार चांगली दिसत होते.

मेकअपताई : आठ दिवसांनी तुमच्या आईंचा फोन आला. फोटो आलेत, येऊन बघून जा म्हणाल्या. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. फोटोवाल्याकडे जाऊन आधी गुपचूप बघून आले. माणूस आयुष्यात एकदा लग्न करतो, आणि मी त्याची राखरांगोळी करून ठेवली. मग तुमच्या घरचा नंबर दिसला की मी फोन पालथा घालायची. नऊ वर्षांत तुमच्या आईंच्या गल्लीतलं एक काम घेतलं नाही. आज पत्ता दुसरा होता म्हणून फसले.

थोरली : मला माहितीये. सतरा वेळा फोन केला मी तुला.

मेकअपताई : तुम्ही? मला वाटलं आई...

थोरली : पहिला आईचा. ती तुला झाडणारच होती, खोटं कशाला बोलू? नंतरचे सगळे माझे.

मेकअपताई : मग आता झाडा. तेवढं ऐकते आणि जाते.

थोरली : आधी मला सांग. माझ्यानंतर महिनाभरात तुला एका शिक्षिकेचा फोन आला होता ना?

मेकअपताई : हो. कुरळ्या केसांची. माझी दुसरी नवरी. ती देवासारखी आली हो. मी मेकअपची पेटी विकायला काढली होती तेव्हा. ब्रश धुवून, पुसून, कापडात गुंडाळून ठेवले होते. एका दुकानात काउंटरवर उभं राहायचं ठरलं होतं, सोमवारी जायचं होतं. शनिवारी तिचा फोन आला.

थोरली : माझ्या शाळेतली मैत्रीण ती. मग तिची मावसबहीण. मग बँकेतली एक उंच मुलगी.

मेकअपताई : चष्म्याची? जी म्हणाली, चष्मा काढणार नाही?

थोरली : तीच. मग माझ्या नवऱ्याच्या मामाच्या दोघी मुली.

मेकअपताई : ताई, मी प्रत्येकीला विचारायची, माझा नंबर कुठून मिळाला? सगळ्या एकच सांगायच्या. ओळखीतून. मला वाटायचं, मला कोण ओळखतंय इथे!

थोरली : मीच बजावलं होतं. माझं नाव निघालं असतं तर तू फोन ठेवला असतास. प्रत्येकीला एकच सांगायचे, हात चांगला आहे तिचा, फक्त आधी एक फ्लॅश मारून बघायला सांगा.

मेकअपताई : अहो, ते तर मी तेव्हापासून करतेच! चेहरा झाला की पडदे ओढायचे, खोली अंधारी करायची, मोबाईलचा फ्लॅश मारायचा. त्याशिवाय एकीलाही खुर्चीतून उठू देत नाही.

नवरी : म्हणून तुम्हाला सगळे फ्लॅशवाली म्हणतात! मला वाटायचं, स्वभावावरून.

थोरली : तू गप गं जरा.

मेकअपताई : पण का, ताई? मी तुमचं एवढं वाटोळं केलं. तुम्ही माझ्यासाठी का केलंत हे सगळं?

थोरली : त्या दिवशी तू मला खिडकीत बसवलंस. हात धुतलेस. माझ्याकडे नीट बघितलंस आणि मला एक प्रश्न विचारलास. आठवतो?

मेकअपताई : मी सगळ्यांनाच विचारते तो. झाकू की राहू दे?

थोरली : चोवीस वर्षांची होते मी. तोवर ह्या गालाबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं. सांगायचे. केस पुढे घे. ह्या बाजूने फोटो नको. आईसुद्धा त्या दिवशी तुला दारातूनच म्हणाली, तेवढं झाकून टाका हं. माझ्याकडे न बघता. आणि तू दार लावून घेतलंस आणि मला विचारलंस. मी आरशात ह्या गालाकडे बघत राहिले, आणि तू ब्रश हातात धरून थांबलीस. मग मी म्हटलं, राहू दे. तू म्हणालीस, बरं.

मेकअपताई : एवढंच म्हणाले मी?

थोरली : एवढंच. समजूत घातली नाहीस, कौतुकही केलं नाहीस. बरं म्हणालीस आणि कामाला लागलीस. त्या एका शब्दावर मी मांडवभर मान वर करून हिंडले, बाई. फोटोचं काय घेऊन बसलीस?

नवरी : हे तू मला कधी सांगितलं नाहीस, ताई.

थोरली : तू भूत भूत करून हसण्यातून रिकामी झालीस तर सांगणार ना! आणि तो फोटो नीट बघितलाय का कधी दोघींनी? सगळ्या चेहऱ्यावर हिची पावडर, डागावर मात्र बोटभरसुद्धा नाही. राहू दे म्हटलं तर हिने खरंच राहू दिला. म्हणून अख्ख्या चेहऱ्यात तेवढाच एक माझ्या रंगाचा आलाय. हे म्हणाले, बायको अदलाबदल झाली असती तरी एवढ्यावरून ओळखली असती. त्यांनीच हौसेने टांगलाय तो, मी नाही.

मेकअपताई : नऊ वर्षं मी तुमच्यापासून तोंड लपवत हिंडले, आणि तुम्ही माझी चूल पेटती ठेवलीत. माझ्या मुलाची शाळा, माझी दुकानाची खोली, दारावरची पाटी... सगळं तुमच्या त्या शिक्षिकेपासून सुरू झालंय, ताई. हे उपकार मी कुठे फेडू?

थोरली : इथेच फेड. हिचा दुसरा डोळा कर.

नवरी : हो हो, आधी डोळा! आणि दोघी रडू नका बरं का. मला रडायला बंदी आहे, ह्यांनीच घातलीय. हात अवघडलाय ना पण तुमचा?

मेकअपताई : कुठला अवघडलाय? मीट डोळा. आणि तोंडही मीट जरा, ओठ करायचेत.

थोरली : हे बरं झालं. बावीस वर्षांत कोणाला जमलं नव्हतं.

मेकअपताई : ...हं. आता बोल. नाही, आरसा नंतर. ताई, तो पडदा ओढता का? दारही लोटा. इकडे बघ, हसू नको, नेहमीसारखी बघ. हा फ्लॅश. आणि एक, ह्या बाजूने. घ्या ताई, आधी तुम्ही बघा. आज तुम्ही पास करायचं.

थोरली : अगं... आज आई असायला हवी होती. तिचं तोंड असंच होतं.

नवरी : बघू! आई गं! ताई, मी माणसासारखी दिसतेय!

थोरली : हो ना. आमच्या घरातली पहिलीच.

मेकअपताई : आता तुम्ही बसा, ताई.

थोरली : मी? माझं झालंय लग्न.

मेकअपताई : फोटो व्हायचे राहिलेत तुमचे. पावणेअकरा वाजलेत, फोटोवाला यायच्या आत तुमचं आवरते. ती पावडर केव्हाच फेकून दिलीय, भिऊ नका.

नवरी : बस ना गं. मी भावोजींना सांगून येते, भिंतीवर अजून एक खिळा ठोका म्हणून.

थोरली : बसते. पण थांब, ब्रश खाली ठेव. आधी विचार.

मेकअपताई : झाकू की राहू दे?

थोरली : राहू दे.

मेकअपताई : बरं.