मनूचा श्वास आणि माझी धाप

तुम्हाला सांगते, सगळे रिपोर्ट चांगले आले आणि मला रडूच फुटलं. ईसीजी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, आणि धाप तर रोज लागतेय. आता घरातले म्हणणार, ही नाटक करते. खरं सांगायचं तर मलाही तशीच शंका यायला लागली होती. त्यात कराडच्या डॉक्टरांनी शेजारच्याच खोलीत, मानसोपचाराच्या मॅडमकडे पाठवलं. तान्ह्या मनूला घेऊन सासूबाई सोबत होत्या.

मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट चांगले आले म्हणून तुमची धाप खोटी ठरत नाही. लागते कधी?"

"मनू झोपली की."

"तेव्हा काय करता?"

"काहीच नाही. ती श्वास घेतेय ना, तेवढं बघते."

"मग आत्ता बघून दाखवा."

मनू सासूबाईंच्या मांडीवर झोपलेलीच होती. मी वाकून तिच्या नाकाशी कान नेला, नीट ऐकलं, सरळ झाले आणि मला धाप लागली.

"तिचा ऐकू यावा म्हणून तुम्ही स्वतःचा श्वास रोखलात," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "असं दिवसातून कितीदा?"

सासूबाई म्हणाल्या, "आवं, सारकंच की! पोर झोपली की हिचं सुरू."

"मग तिचा श्वास थांबेल, या भीतीवरच उपचार करू," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

घरी येऊन मनूला पाळण्यात ठेवलं आणि सवयीनं वाकले. तर माझ्या नाकाखाली सासूबाईंचं बोट!

"आई, हे काय?"

"तू तिचा बग," त्या म्हणाल्या, "तुजा मी बगती."