लोकरीच्या सपाता

(स्वयंपाकघरात टिण्कन आवाज होतो. आजीची विणकामाची सुई फरशीवर पडली आहे.)

कालिना : आजी, सुई पडली. घरंगळत गेली, लाकडाच्या पेटीपाशी थांबली.

आजी : बघ झोर्नित्सा, डोळ्यांत उजेड नाही, पण कान बघ नातीचे! आणि म्हणे हिला चालता येत नाही.

झोर्नित्सा : तसं कोण म्हणालं, आई? ती पायच उचलत नाही. बर्फावरून गेल्यासारखी फाकून, घासत चालते. चालणं शिकवायला येणाऱ्या मिलेनाबाई गुरुवारी तुमच्यासमोरच सांगून गेल्या ना, टाच आपटली पाहिजे, तिचा आवाज हिला ऐकू आला पाहिजे. भिंत जवळ आली की आवाज बदलतो, दार उघडं असलं तरी बदलतो. आणि तुम्ही परत सपाताच विणायला घेतल्यात!

आजी : पाय गार पडतात तिचे. शिवाय घरात बूट? आमच्याकडे पाद्रीबाबा आले तरी उंबऱ्याशी बूट काढून सपाता घालतात.

झोर्नित्सा : पाद्रीबाबांना सोमवारी इथल्या शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत एकटं चालून दाखवायचं नाहीये! हिला दाखवायचंय. नाही जमलं तर प्लोवदिव शहरातली अंधांची निवासी शाळा. फक्त सुट्टीला घरी. सहा वर्षांची पोर...

कालिना : सात. ईस्टरलाच झाले.

आजी : माझ्यावर कशाला ओरडतेस? माझ्या माहेरचं डोळ्यांचं दुखणं म्हणून?

झोर्नित्सा : दोन्हीकडून यावं लागतं ते. माझ्याकडूनही आलंय. मी कधी काढलाय का तो विषय?

कालिना : भांडण संपलं की सांगा. बूट घालून बसलेय मी.

झोर्नित्सा : चल, राणी. इथून बाहेरच्या दारापर्यंत. आई, तुम्ही जागच्या हलायचं नाही.

आजी : पडली तर?

झोर्नित्सा : पडेल.

कालिना : टक्... टक्... इथे आवाज जाड झाला. कपाट आलं ना?

आजी : डावीकडे खुंटी आहे गं, डोकं...

झोर्नित्सा : आई, बसा!

कालिना : आजी, श्वास घेऊ नकोस इतक्या जोरात. मला तुझंच ऐकू येतंय. टक्... टक्... आई गं!

आजी : पडली! पडली!

कालिना : पायपुसण्यात अडकले. आई, तू येतेस, का मीच उठू?

झोर्नित्सा : ...तूच ऊठ.

आजी : दगड आहेस तू. आई नव्हेस, दगड.

झोर्नित्सा : हात लावून बघा माझ्या हाताला. खुर्ची घट्ट धरून बसलेय, नाहीतर कधीच धावले असते.

कालिना : टक्. टक्. टक्. कडी! गार आहे!

आजी : देवा! ये, ये माझ्याकडे. गुडघा दाखव. फुटलाच आहे. आमचा स्पास साठ वर्षं माझा दंड धरून चालला, पण एकदा म्हणून पडू दिलं नाही मी भावाला.

कालिना : एकदाही नाही?

आजी : एकदाही नाही. लग्न करून इथे आले तेव्हा त्यालाही घेऊन आले. चर्चमध्ये, बाजारात, न्हाव्याकडे, जिथे तो तिथे मी.

कालिना : आणि आजी, त्याला तुला न सांगता कुठे जायचं असलं तर?