उताऱ्यातली विहीर

माझा जन्म मालवणकडच्या एका वाडीतला, साल विचारू नका, आईला विचारलं की ती म्हणायची त्या साली आपली काळी म्हैस मेली, म्हणजे माझा वाढदिवस तो म्हशीच्या श्राद्धाबरोबरच. शाळेत मी दोनच दिवस गेलो, पहिल्या दिवशी बसायला आणि दुसऱ्या दिवशी विसरलेली टोपी आणायला. हे मी सगळ्यांना सांगतो, लोक हसतात, मला बरं वाटतं. लहानपणापासून माझं हेच, मस्करी. घरामागे विहीर होती, तिच्या कठड्याआड लपून मी ओरडायचो, बुडालो गे आये, बुडालो, आणि आई हातातलं टाकून धावत यायची आणि मी हसत बाहेर. कितीदा केलं असेल, काय सांगू तुम्हाला. धाकटा भाऊ बाबल्या, सहा वर्षांचा, सारखा माझ्या मागे, त्याला मी करवंटीला सुतळी बांधून गाडी करून दिलेली, ती खडखड ओढत फिरायचा. एका दुपारी तो विहिरीत गेला. मी तेव्हा मागच्या काजूवर चढलो होतो. लोकांनी विचारलं, काय ऐकलंस का रे, मी म्हटलं नाय, काय नाय ऐकलं. आयुष्यात न हसता दिलेलं तेवढं एक उत्तर, आणि ते खोटं. पंधरा वर्षं ते पोटात ठेवलं. कोणाला नाही सांगितलं, आईला तर नाहीच.

मग मुंबई. अंधेरीला एक चायनीज हॉटेल होतं, मालक खराखुरा चिनी, कलकत्त्याहून आलेला, आम्ही त्याला अंकल म्हणायचो. मी कोबी चिरायला. पहिल्या दिवशी अंकल म्हणाला बारीक काप, मी इतका बारीक कापला की त्याने विचारलं, कोबी कुठाय. तरी ठेवलं मला. त्याची मुलगी दहावीला, तिला सगळे बेबी म्हणायचे. ती कलकत्त्याला चिनी शाळेत शिकलेली, इकडे येऊन इंग्रजी शाळेत पडली आणि इंग्रजीत तिची पार वाट लागली. धडा पाठ करायची, पण पेपरात तो न पाहिलेला उतारा येतो ना, वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्या, तिथे बसायची रडत. अंकलने सांगून ठेवलेलं, नापास झालीस तर शाळा बंद, गल्ल्यावर बसायचं. तिच्या बाईंनी एक युक्ती दिली, उतारा वाच, पुस्तक मिट, आणि इंग्रजी अजिबात न येणाऱ्याला आपल्या भाषेत सांग, मग त्यालाच प्रश्न विचार, त्याला आले तर तुला समजलं. आता अख्ख्या अंधेरीत माझ्याइतका कोरा माणूस तिला कुठे मिळणार होता, सांगा.

दुपारी साडेतीन ते सहा हॉटेल बंद. टेबलांवर खुर्च्या उलट्या, पाय वर करून, कोपऱ्यात माशांची काचपेटी, तिचा पंप चालायचा बुडबुड बुडबुड. तिथे मी कोबी घेऊन बसायचो आणि बेबी समोर. मला दादा म्हणायची. तिच्या कलकत्त्यात सगळ्यांनाच दादा म्हणतात, पण मला दादा म्हणणारं पंधरा वर्षांत कोणी नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी जरा दचकलो. असो. एका उताऱ्यात अस्वल होतं, मी विचारलं अस्वल जेवलं का, ती म्हणाली दादा, वो नहीं लिखा है, मी म्हटलं मग तुझा उताराच उपाशी. हसायची बिचारी. अडखळत सांगायची, एक शब्द चिनी, एक हिंदी, मध्ये डोकं खाजवणं.

एकदा लाईट गेले. पंप बंद, पंखा बंद, एकदम सामसूम. बेबीने पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि सांगायला लागली, तर कुठे अडखळणं नाही. आवाज तिचाच, पण सपाट. एक घर है, पीछे कुआं है. मी म्हटलं पाणी गोडं की खारं. ती हसली नाही. छोटा भाई है, उसके हाथ में रस्सी, रस्सी में नारियल का खोपड़ा, खींचता है, आवाज आता है. माझी सुरी थांबली. बडा भाई पेड़ पे बैठा है. छोटा कुएं में गिरता है, बडे भाई को बुलाता है.

मी तिला म्हटलं, दाखव पुस्तक. तिने दाखवलं. मी काय बघणार हो, मुंग्यांची रांग. रांगेत विहीर आहे का नाही, मुंग्या थोड्याच सांगतात. करवंटीची गोष्ट मी मुंबईत कोणाला सांगितली नव्हती, दारू पिऊनपण नाही. मग तिने प्रश्न विचारले. विहीर कुठे होती. पोराच्या हातात काय होतं. मोठा भाऊ कुठे होता. तिन्ही उत्तरं मी दिली, कसली अक्कल लागते त्याला. मग चौथा. बडे भाई ने सुना, फिर गया क्यों नहीं.

मी म्हटलं झोपला असेल. ती म्हणाली नहीं. म्हटलं बहिरा असेल. नहीं, दादा. मग मी उठून भाताचं पातेलं घासायला गेलो, जे घासलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी तोच. म्हटलं अगं पुढचा उतारा घे, परीक्षा आठवड्यावर आली, ती म्हणाली ये नहीं होगा तो आगे का कोई नहीं होगा. म्हटलं मग उत्तर पुस्तकात बघ. ती म्हणाली ये जवाब किताब में नहीं मिलता, सोच के बोलना पडता है. मला रात्री विहिरीची स्वप्नं पडायला लागली. पळून जावंसं वाटलं, पण पोरगी माझ्यामुळे गल्ल्यावर बसली असती.

चौथ्या दिवशी मी कोबी खाली ठेवला आणि बोललो. म्हटलं लिही. ऐकलं त्याने. दादा, बुडालो, असं दोनदा ऐकलं. पण ही मस्करी त्यानेच धाकट्याला शिकवलेली, म्हणून त्याला वाटलं पोरगं आपली नक्कल करतंय. तो वर बसून हसत होता. एवढं बोललो आणि माझे दात वाजायला लागले, भर मे महिन्यासारख्या उकाड्यात. बेबीने वहीत नाही, पुस्तकातच पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. म्हणाली ठीक है. आणि पुढचा उतारा काढला, उंटाचा, तसाच अडखळत, डोकं खाजवत. ती पास झाली. काठावर, पण झाली. पेढा दिला आणि ते पान फाडून दिलं, म्हणाली दादा, ये तेरा है. पुढे ती लोकं कॅनडाला गेली.

त्यानंतर मी गावी गेलो. आई खळ्यात बसली होती, तिला सांगितलं, आये, मी ऐकलं होतं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, बाबू, मिया पण आयकलंय रे, हयच भात वाळवत होतंय, माका वाटला तुमची मस्करी. तीपण कोणाला बोलली नव्हती. आम्ही दोघं एकाच घरात, एकाच चुलीपुढे, आणि दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं. त्या रात्री ती माझ्या ताटात दोनदा भात वाढून गेली. पुढच्याच वर्षी वारली.

आता दहिसरला आहे, खोली बरी आहे, कोबी अजून चिरतो. ते पान या ट्रंकेत आहे, कोणाला दाखवलं नव्हतं, तुम्ही लिहिणारी माणसं, बघा जरा. काय म्हणता, पोस्टाच्या तिकिटांचं आहे? तिकिटं कशी जमवावी? पुरं पान? विहीर नाहीच कुठे? मागच्या बाजूलाही नाही? बरं. आणि चौथा प्रश्न? तिकिटं कशाने चिकटवावी? हां. मग ती चार दिवस मला काय सांगत होती हो, आणि तिला कोण सांगत होतं.

त्याच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय म्हणता, बारीक अक्षरात? ते नका वाचू. तेवढं मला माहीत आहे. द्या इकडे, घडी तशीच घाला. बेबी जिथे असेल तिथे सुखात राहो, पोराबाळांना भरपूर हसवो. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.