होरीखाली कोन जायचं

माजा जलम मढचा, लगीन होऊन मनोरीला आले, म्हंजे एका कोळीवाड्यातून उठले नि दुसऱ्यात बसले, दर्या तोच, वास तोच, सासू तेवढी नवीन. मी आमच्यासारखीच बोलनार हां ताई, तुम्हाला कसं लिवायचं तसं लिवा. आयुष्य सगलं मासळी विकन्यात गेलं. पहाटेची फेरीबोट धरून मार्वेला उतरायचं, तिथून रिक्षा करून बोरीवलीच्या बाजारात, पाटी मांडली की दुपारपर्यंत तोंड चालूच. गिऱ्हाईक म्हनायचं मावशी तू भांडते फार. मी म्हनायची भांडते म्हनून तर ताजं देते, घ्यायचं तर घे नायतर पुढं हो.

नितेशचा बापूस मात्र एकदम उलटा. दिवसात दहा शब्द बोलला तर खूप. मी विचारायचं नि त्याने मान हलवायची, असा आमचा संसार. नितेश आमचा एकुलता एक पोरगा.

आता ती लिफ्ट कशी आली ते सांगते, तुम्ही त्याच्यासाठीच आलाय ना. होरी, म्हंजे आमची मासेमारीची बोट, पान्यात राहिली की तिच्या तळाला शेवाळ धरतं, शिंपल्या चिकटतात, लाकूड खातात. मंग ती वर घेऊन तळ खरवडायला लागतो, रंग द्यायला लागतो. पहिलं आख्खी आळी जमायची, दोर लावून होरी किनाऱ्यावर खेचायची, चाळीस मानसं लागायची. पुढं पोरं नोकरीला लागली, मानसंच भेटेनात. तेव्हा नितेशच्या बापसाने बोटींच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ही जुनी लिफ्ट उचलून आनली. लिफ्ट म्हंजे काय, तर चार लोखंडी खांब, त्यांच्यावर दोन आडवे गर्डर, दोन्हीला साखळीच्या कप्प्या नि खाली रुंद पट्टे. भरतीला होरी आत घ्यायची, पट्टे पोटाखालून घालायचे, दोघांनी साखळी ओढली की होरी अधांतरी. आमच्या दोन होऱ्या तिच्यावर चढायच्या नि आळीतल्या बाकीच्यांच्या पन.

दर दसऱ्याला तो लिफ्टला निळा रंग मारायचा, हार घालायचा, मी नारळ फोडायचे. रंगाला दुसऱ्या कोनाला हात लावू द्यायचा नाय. नि अजून एक. होरी वर गेली की तळ खरवडायला खाली तो एकटाच जायचा. होरी कोनाची का असेना, खाली हाच. हरेश्वर भावजी, म्हंजे माजा धाकटा दीर, म्हनायचा दादूस मी येतो ना, दोघांनी लवकर होईल. हा मान हलवायचा, नाय. एकदा भावजी जबरदस्तीने खाली घुसला तर याने त्याला बखोट धरून बाहेर काढला, सगळ्यांच्या देखत. काय सांगू तुम्हाला, सख्खे भाऊ, पन दोन वर्षं बोलचाल बंद. लोक म्हनायचे याला लिफ्टची लय घमेंड चढलीय. मी पन म्हनायची, खोटं कशाला बोलू, मी पन म्हनायची की भावाहून तुमाला लोखंड प्यारं जालंय.

मंग तो गेला. होरीखाली नाय हां, घरात गेला, छातीत कळ आली, मी पानी आनेपर्यंत खलास. त्याच्या मागं दसऱ्याचा रंग मी मारायला लागले, नि होरीखाली नितेश जायला लागला. तीन वर्षं. तीन वर्षं मी पोराला हसत हसत खाली पाठवलं ताई.

यंदा पावसाच्या आधी काय जालं, नितेश खाली व्हता, वरून कट्ट करून आवाज आला नि होरी एका अंगाने वीतभर खाली आली. पोरगा सरपटत बाहेर आला नि हसायला लागला, म्हने आयस, वाचलो ना, तोंड काय पाडते. मी त्याचा हात धरून त्याला लिफ्टपासून लांब ओढत नेलं.

भावजी म्हनाला साखळी बदलू, जोड मारू, चालेल अजून. नितेश पन तेच. कारन दुरुस्ती एका दिवसाचं काम नि नवीन घ्यायची म्हंजे बापसाची मोठी होरी विकायला लागनार. त्या होरीवर तर आमचं घर उभं राहिलं. मंग बोरीवलीहून सावंत फिटरला बोलावलं, मालवणचा मानूस, तोंडावर बोलतो. तो म्हनाला आधी रंग काढा, रंगाखाली काय दिसतला? नितेशने तारेचा ब्रश घेतला, पापुद्रे निघायला लागले, निळ्याखाली निळा, परत निळा, नि सगळ्यांच्या खाली, एका गर्डरवर, तडा. नि तड्यावर मारलेला जुना जोड, तो पन परत फुटलेला.

भावजी जवळ गेला, जोडावर बोट फिरवलं नि म्हनाला, हा दादूसच्या हातचा हाय. नितेशचा बापूस गोदीत वेल्डिंग शिकलेला, भावजीला त्याने शिकवलेलं, हात ओळखतो ना मानूस. सावंत म्हनाला, वयनी, ह्यां दहा वर्षांचां तरी आसा, सगळे रंग ह्याच्या वरचे.

म्हंजे नितेशच्या बापसाला माहीत व्हतं. पहिल्यापासून माहीत व्हतं की ही लिफ्ट कधी पन दगा देईल, म्हनून दुसऱ्या कोनाला खाली जाऊ दिलं नाय नि म्हनून रंगाचा ब्रश कोनाच्या हातात दिला नाय. भावजी तिथंच खांबाला डोकं टेकून रडला, मोठा मानूस, पोरासारखा रडला, म्हनाला मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाय वहिनी.

मना रडू नाय आलं. मना राग आला.

नितेश म्हनाला, बापूस गेला ना खाली एवढी वर्षं, मंग मी पन जाईन, सावंत, नवीन जोड मारा. सावंत म्हनाला मारून देतंय, पण मी खाली उभो रवचंय नाय. मी नितेशला म्हनाले, गप. तुजा बापूस स्वतः गेला, कारन त्याला कोनाला पाठवायचं नव्हतं. तू गेलास तर पाठवनारी मी असेन. होरी विकायची.

विकली. उत्तनच्या एका मान्साने घेतली. न्यायच्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं, नारळ दिला नि पाठ फिरवली, ती खाडीबाहेर जाताना नाय बघितली. जुनी लिफ्ट गॅसने कापून भंगारात दिली. नवीन उभी केली, आता भावजी नि नितेश दोघं मिळून खाली जातात, खालून गप्पा ऐकू येतात. एकच होरी उरली, पन घरात मानसं पुरी हायत, मंग काय रडायचं.

देव तुमचं भलं करो ताई, एवढं ऐकून घेतलंत. पन एक लिवा, त्याला थोर वगैरे लिवू नका. तो मना सांगू शकला असता. होरी विकायचं त्याच्या जिवावर आलं असेल, नसती विकली मी, नसतं त्याच्या मनाविरुद्ध केलं. पन मी बायको व्हते ना त्याची. तो खाली असायचा तेव्हा मी बाजारात गिऱ्हाइकाशी भांडत बसलेली असायचे. सांगितलं असतं तर तो बाहेर येईपर्यंत तिथं उभी तरी राहिले असते.