साहेबांच्या टाकीतली मरळ

हसा लेको, पण तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती. शहापूरच्या आमच्या ऑफिसात साहेबांनी काचेच्या टाकीत बोटभर लांबीचे चार आफ्रिकन सिक्लिड पाळले होते. सोबतीला दुसरा कुठलाही मासा सोडला की ते त्याला फाडायचे. मी फुशारकीने म्हटलं, "साहेब, आमच्या खाचरातली मरळ आणतो. ती यांना भीत नाय."

शनिवारी वीतभर मरळ आणून सोडली. सोमवारी टाकीत मरळ एकटीच फिरत होती.

साहेब एवढंच म्हणाले, "घेऊन जा."

मान खाली घालून घरी आणली. आईने कालवण केलं आणि पहिला तुकडा माझ्याच ताटात वाढला.

"खा रे, चांगली पोसलेली हाय!"